भिऊ नका : वेळ रात्री आठ

आमच्या मंडळीत माझी ख्याती धीराचा माणूस अशी आहे. ही ख्याती पसरवण्याचं काम मी स्वतःच अंगावर घेतल्यामुळे त्यात कुठे कसूर राहिलेली नाही. कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाची नोकरी गेली, कुणाचं लग्न मोडलं, की पाळकसाहेबांच्या पाठोपाठ मी हजर. पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि मी धीर देतो. 'विश्वास ठेवा, काही होत नाही,' हे मी इतक्या ठामपणे सांगतो की समोरच्याला वाटावं, वरच्या कार्यालयात याची ओळख आहे. माझी सगळी नोकरी सरकारी खात्याच्या आवक-जावक विभागात गेली. दुसऱ्याच्या अर्जावर शांत चित्ताने शिक्का कसा मारायचा, हे तिथे शिकलो.

घरातली वस्तुस्थिती वेगळी आहे. पाल दिसली की मी पलंगावर असतो आणि बायको झाडू घेऊन जमिनीवर. रक्त तपासायला द्यायचं असलं की मी सुई पाहायच्या आधीच पाणी मागतो. रात्री अकरानंतर फोन वाजला तर तो तिनेच उचलायचा, कारण वाईट बातमी तिला जास्त चांगली पेलते अशी माझी श्रद्धा आहे. ती म्हणते, एवढीच एक श्रद्धा तुमची आजवर डळमळली नाही.

अशा माणसाला दिवाळी उलटल्यावर पाळकसाहेबांनी गाठलं. "दिंडोरी तालुक्यात मावशींच्या मळ्यात उपकारस्तुतीची सभा आहे. यंदा तुम्ही बोला. विषय घ्या, 'भिऊ नका'. आठला सुरू करू."

मी नम्रपणे नाही म्हटलं, पण ते नाही 'हो'सारखं ऐकू येईल इतपतच.

तयारीत मी कसलीही कुचराई केली नाही. पवित्र शास्त्रात 'भिऊ नका' ही आज्ञा ३६५ वेळा आली आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, ही गोष्ट मी लहानपणापासून उपदेशांत ऐकत आलो होतो. ती वहीत पहिल्या पानावर घेतली. मग म्हटलं, उदाहरणं बाहेरून कशाला आणायची? नाशिकमध्ये धीराची खाण आहे.

नाशिककरांना शरणपूर रोड माहीत असतो तो तिथे गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून. पण १८५४ च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूरला ख्रिस्ती वसाहत उभी केली आणि पुढे तिथे थेट आफ्रिकेतली मुलं येऊन राहिली. गुलामांची वाहतूक करणारी गलबतं इंग्रजांचं आरमार समुद्रात पकडायचं. सोडवलेली मुलं मुंबईला उतरायची आणि त्यांतली कित्येक नाशिकला यायची. इथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मदतीला १८७२ मध्ये जी माणसं आफ्रिकेत गेली त्यांत हा नाशिकचा विद्यार्थी होता. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातल्या एका खेड्यात लिव्हिंगस्टन वारले. बरोबरच्या माणसांनी त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं. अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकबने. मग सुसी आणि चुमा या दोघांच्या पुढारपणाखाली त्यांनी तो देह वाळवला, झाडाच्या सालीत गुंडाळला आणि दीड हजार किलोमीटरहून जास्त वाट तुडवत समुद्रकाठी आणला. वाटेत लोक प्रेत पुढे जाऊ देईनात, तेव्हा त्यांनी त्याचं गाठोडं बांधलं आणि व्यापाराचा माल म्हणून ते पुढे काढलं. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये लिव्हिंगस्टन यांचं दफन झालं तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा!

दुसरं उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचं. त्यांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा, १८६८ चा. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा बाईंच्या पायाखालची जमीनच गेली. पदरात लहान दत्तू. काही वर्षं त्यांनी नातेवाइकांच्या आधाराने काढली, रडत, आजारी पडत. मग त्या नवऱ्याकडे गेल्या. धर्म मात्र नवऱ्याचा म्हणून घेतला नाही. स्वतःला पटल्यावर, १९०० मध्ये, स्वतःच्या पायांनी बाप्तिस्म्याला गेल्या. पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिताना त्यांनी आपली फजिती, आपला भित्रेपणा, आपला हट्ट, काहीच झाकलं नाही. १९३६ मध्ये त्या गेल्या त्याही नाशिकलाच.

ही दोन माणसं वहीत उतरवून मी आरशासमोर उभा राहिलो आणि मला वाटलं, तिसरा मीच.

मावशींच्या मळ्यात आम्ही दिवेलागणीला पोचलो. मावशी म्हणजे साऱ्या मंडळीच्याच मावशी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला नोकरीत आणि इथे द्राक्षाची बाग एकटीच्या खांद्यावर. गोडी छाटणी झालेली, वेलींना कोवळे घड लागलेले. या दिवसांत बागायतदार देवाचं नाव घेतो त्याच्या खालोखाल डावणीचं घेतो. डावणी म्हणजे ढगाळ हवेत घडावर पडणारा बुरशीचा रोग. वर आभाळ भरलं की खाली बागायतदाराच्या पोटात गोळा येतो, आणि त्या संध्याकाळी आभाळ भरलेलं होतं.

चहा पिताना बिबट्याचा विषय निघाला. दिंडोरी, निफाड, सिन्नर या तालुक्यांत तो विषय निघण्यासाठी निमित्त लागत नाही. उसाच्या फडात जन्मलेले बिबटे ऊसतोड सुरू झाली की बेघर होतात आणि मग कुठेही भेटतात. आता तर ते नाशिक शहरात, गंगापूर रोडच्या बंगल्यांपर्यंत येऊन जातात. मावशींच्या शेजारच्या फडातही एक दिसला होता. त्यावर वनखात्याने काय केलं हे कुणीतरी सविस्तर सांगत होतं. पण मी त्या वेळी मनातल्या मनात जेकबला झांबियातून बाहेर काढत होतो, त्यामुळे ते ऐकायचं राहिलं. एवढंच कानावर आलं की बिबट्याचा आवाज करवतीने लाकूड कापल्यासारखा येतो.

सभेला अवकाश होता. बायका स्वयंपाकात, पुरुष सतरंज्या घालण्यात. माझी सवय अशी की भाषण एकदा मोठ्याने म्हटल्याशिवाय ते बसत नाही. म्हणून वही आणि बॅटरी घेऊन मी बागेच्या कडेने चालत निघालो. शेवटच्या ओळीपाशी उभा राहिलो, हात वर केला आणि वेलींना उद्देशून म्हणालो, "बंधुभगिनींनो, भिऊ नका!"

उसाच्या बाजूने करवत फिरल्याचा आवाज आला.

मी बॅटरी तिकडे वळवली. अंधारात दोन डोळे हिरवे चमकले. ते माझ्याकडेच बघत होते.

त्यानंतरचा काही काळ माझ्या आठवणीत नीट नाही. पायांनी मला न विचारता निर्णय घेतला. जवळच औषध कालवायचा सिमेंटचा हौद होता, छातीएवढ्या उंचीचा. एरवी मला बसच्या पायरीवर चढायला दांडी धरावी लागते, पण त्या हौदात मी कसा गेलो हे अजून कुणाला समजावून सांगता आलेलं नाही. आत बसलो आणि वही डोक्यावर धरली. 'भिऊ नका' लिहिलेलं पान नेमकं वर होतं, बिबट्याला वाचता यावं अशा बेताने.

प्रार्थना करायची तर शब्द सुचेनात. शास्त्रातली सगळ्यात आटोपशीर प्रार्थना पेत्राची आहे. पाण्यावर चालता चालता लाटा पाहून घाबरला, बुडायला लागला, तेव्हा त्याने केलेली. भाषणात मी पेत्राला त्यावरून चार शब्द सुनावणार होतो. त्याला निदान बुडताना प्रार्थना सुचली. माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडली ती रोजची, जेवणाआधीची. या अन्नाबद्दल देवाचे आभार मानून झाल्यावर लक्षात आलं की या प्रसंगी अन्न कोण आहे.

मग मला गिदोन आठवला आणि जरा बरं वाटलं. मिद्यानी लोकांच्या धाकाने गिदोन द्राक्षाच्या कुंडात लपून गहू झोडत होता. तिथेच देवदूताने येऊन त्याला शूरवीर म्हणून हाक मारली. मीही द्राक्षाच्याच बागेत, जवळपास कुंडातच होतो. कान देऊन वाट पाहिली. शूरवीर म्हणून कुणी हाक मारली नाही. करवत मात्र मधून मधून चालू होती.

हाक आली ती दुसरीच. "काका, तुम्ही इथे काय करताय?"

संडे स्कूलमधला एक मुलगा हौदाच्या कठड्यावर हनुवटी टेकून उभा होता. वय दहाच्या आत, पण प्रश्न विचारायची हौस एखाद्या लेखापरीक्षकाची.

"प्रार्थना," मी म्हणालो.

"हौदात?"

"गिदोनसुद्धा कुंडातच होता."

"तो गहू झोडत होता," मुलगा म्हणाला. "तुम्ही काय करत होता?"

मी बोट उसाकडे दाखवलं आणि कुजबुजलो, "बिबट्या!" त्याने आपली बॅटरी तिकडे टाकली. फडाच्या कडेला वनखात्याचा लोखंडी पिंजरा होता. त्याच्या मागच्या कप्प्यात, जाळीच्या आड, बिबट्यासाठी आमिष म्हणून बांधलेली शेळी होती. तिला खोकला झाला होता. तोंडात पाल्याचा घास धरून ती आमच्याकडे बघत होती आणि मधेच खोकत होती. पिंजऱ्याच्या पत्र्यामुळे तो खोकला करवतीसारखा घुमत होता. बिबट्याची वाट पाहणं हे जिचं काम, ती निवांत रवंथ करत होती. धीर देणं हे ज्याचं काम, तो हौदात होता.

बाहेर निघताना आतला चपळपणा संपला होता. शेवटी दोन तरुण आले आणि त्यांनी मला काखेत धरून वर ओढलं. मुलगा आमच्या पुढे पळत गेला आणि अंगणात जाऊन त्याने मोठ्याने वर्दी दिली, "काका हौदात बसून प्रार्थना करत होते!"

पाळकसाहेब सरळ मनाचे. ते गहिवरले. सभेच्या सुरुवातीलाच म्हणाले, "प्रभू येशू दुःखसहनाच्या आधी गेथशेमाने बागेत एकटा प्रार्थनेला गेला. आज आपले वक्तेही उपदेशाआधी बागेच्या एकांतात गेले होते. असं मनन हल्ली कोण करतं?" बायका 'आमेन' म्हणाल्या. माझ्या बायकोने 'आमेन' म्हटलं नाही. ती माझ्या पाठीकडे बघत होती.

त्या हौदात आदल्या महिन्यात बोर्डो मिश्रण कालवलं होतं. मोरचूद आणि चुना. तळाशी राहिलेला गाळ पावसाच्या शिंतोड्यांनी ओला झालेला. मी नाताळासाठी शिवलेला पांढरा सदरा उद्घाटन म्हणून घातला होता. पुढून मी पांढरा होतो. मागून, मानेपासून टाचेपर्यंत, निळा. मावशींनी एका नजरेत सगळं ओळखलं, पण चारचौघांत एवढंच म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, लिंबू चोळलं की जातं."

मी बोलायला उभा राहिलो, आणि शक्य तितका वेळ तोंड सभेकडे ठेवलं. ३६५ चा आकडा टाकला. त्याबरोबर संडे स्कूलचा हात वर झाला. "काका, लीप वर्षाचं काय?" लोक हसले. मी म्हटलं, त्या दिवशी आदल्या दिवसाचंच वापरायचं. "पण मी मोबाइलवरच्या बायबलमध्ये शोधून पाहिलं," तो म्हणाला, "तेवढे भरतच नाहीत." पोरगं खरं बोलत होतं. घरी येऊन मीही मोजायला बसलो, आणि कसंही मोजलं तरी तो आकडा भरत नाही. इतकी वर्षं इतक्या उपदेशांतून तो चालला, कारण ऐकणाऱ्यांपैकी कुणाला मोजण्याइतकी भीती वाटली नसावी.

मग मी जेकबकडे वळलो. मृतदेह, जंगल, ताप, उपासमार. शेळीच्या खोकल्याने हौदात उडी मारलेला माणूस हे सांगत होता, आणि पाठीवरचं मोरचूद खाजत होतं. दीड हजार किलोमीटरांतले मी जेमतेम निम्मे चाललो असेन, तोच मावशींचा फोन वाजला. थ्री फेज वीज आली होती.

शेतीची वीज आपल्याकडे पाळीने येते आणि पुष्कळदा रात्रीच येते. आली की उठायचं, मोटर चालू करायची, ठिबकच्या नळ्या कुठे फुटल्या-तुंबल्यात ते बघत बागेतून फिरायचं. मावशी उठल्या. काठी घेतली, बॅटरी घेतली आणि अंधारात निघून गेल्या. थोड्याच वेळात बागेतून त्यांचा आवाज आला. रविवारच्या उपासनेतलं एक गीत त्या टिपेला चढवून म्हणत होत्या, सुराचा फारसा विचार न करता. आवाज विहिरीकडे गेला, मोटर घरघरली, आवाज उसाच्या कडेने फिरून परत आला.

माझं भाषण तिथेच संपलं. पुढचे मुद्दे वहीत होते, पण त्यांना आता काही काम उरलं नव्हतं.

जेवताना मी त्यांना विचारलं, "मावशी, भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर ओरडून गाते. वनखात्याचे लोकच सांगून गेलेत, रात्री आवाज करत चाला. माझं गाणं ऐकून नातेवाईक जवळ येत नाहीत, बिबट्या कुठून येईल?"

मग भाकरी वाढता वाढता त्यांनी बाकीचं सांगितलं, साक्ष द्यायला उभं राहिल्यासारखं नव्हे, भाव सांगितल्यासारखं. एका वर्षी ऐन काढणीच्या तोंडावर गारपीट झाली. त्याच्या पुढच्या वर्षी माल चांगला आला, तर व्यापारी पैसे न देताच पसार झाला. सोसायटीचं कर्ज तसंच. त्यातच नवरा गेला. "त्या साली मी देवाशी बोलत नव्हते," मावशी म्हणाल्या. "अबोलाच धरला होता. देवळात मात्र दर रविवारी जायचे. बसायचे, गीताला उभी राहायचे, तोंड उघडायचे नाही. पाळकसाहेब विचारायचे, मावशी, प्रार्थना चालू आहे ना? मी म्हणायचे, नाही. पण आले आहे."

"मग बोलायला कधी लागलात?"

"आठवत नाही. घरात अबोला धरल्यावर कुणी तारीख लिहून ठेवतं का? कामाच्या नादात बोलून जातो आपण. बोलणं बंद आहे म्हणून घर थोडंच सोडायचं?"

आणि त्या गारपिटीच्या वर्षीही उपकारस्तुतीची सभा झाली होती. घड नव्हते म्हणून जेवणात फक्त पिठलं-भाकरी होती. वेलीला फळ नाही, गोठ्यात जनावर नाही, तरी देवात आनंद मानणारा हबक्कूक संदेष्टा आमच्या उपदेशांत वरचेवर येतो. मी त्याच्यावर टाळ्या घेतलेल्या आहेत. त्याच्या हातची भाकरी पहिल्यांदाच खात होतो.

त्या रात्रीनंतर मी स्तोत्रसंहिता पुन्हा वाचली, आवक-जावकच्या जुन्या नजरेने. तिच्यात तक्रारअर्ज फार आहेत. किती दिवस विसरणार, का सोडलं, तोंड का फिरवलं. ८८ वं स्तोत्र तर अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. आमच्या खात्यात असा अर्ज आला असता तर भाषा योग्य नाही म्हणून परत पाठवला असता. तिथे तो तसाच दाखल करून घेतला आहे, आणि हजारो वर्षं उपासनेत वाचला जातो. तक्रार करणाऱ्यांची नावं पटावरून काढलेली नाहीत. पेत्र बुडाला, पुढे कोंबडा आरवायच्या आत त्याने प्रभूला ओळखही दाखवली नाही, तरी पट त्याच्याच हाती आला. गिदोनाला देवदूत भेटल्यावरही खात्री पटेना. लोकरीवर दव पडलं तर मानीन म्हणाला, ते झाल्यावर आता लोकर कोरडी आणि जमीन ओली करून दाखव म्हणाला. मंडळीतल्या कुणी माझ्यापुढे असा हट्ट धरला असता तर मी त्याला विश्वासावर तासभर ऐकवलं असतं.

म्हणजे माझं गणितच उलटं होतं. भीती संपली की विश्वास सुरू होतो, असं मी लोकांच्या उशापायथ्याशी बसून सांगत आलो. ज्यांना तो टिकवावा लागला त्यांची भीती कुठे संपली होती? जेकबने प्रार्थना वाचली, कारण तिथे ती वाचण्याचं काम त्याच्याकडे आलं होतं. लक्ष्मीबाई रडत रडतच पुढे गेल्या. मावशी गात गात मोटर चालू करून आल्या, कारण थ्री फेज कुणासाठी थांबत नाही. यांच्यापैकी एकालाही कुणी 'भिऊ नका' या विषयावर बोलायला बोलावलं नव्हतं.

पिंजऱ्यात बिबट्या शेवटपर्यंत आला नाही, तो दुसऱ्याच गावात धरला गेला. शेळी तेवढी आयता पाला खाऊन सुटली. मोरचूद लिंबाने गेलं, पण सदऱ्यावर आता लिंबाचे डाग आहेत. मंडळीत माझी ख्याती वाढली आहे. हौदात बसून मनन करणारा माणूस म्हणून मला दुसऱ्या एका गावाहून आमंत्रणही आलं आहे.

तेव्हा वाचकहो, अनुभवाचे दोन शब्द. संकटात तुमच्या दाराशी माझ्यासारखा कुणी 'काही होत नाही' म्हणत आला, तर त्याला चहा द्या आणि पालीकडे बोट दाखवा. देवाशी भांडायचं असेल तर भांडा, बोलणं बंद करायचं असेल तर बंद करा, पण रविवारी आपल्या बाकावर जाऊन बसा. बागायतदार दिवसा वीज मागतात, ती त्यांना मिळालीच पाहिजे. आणि 'भिऊ नका' या विषयावर तुम्हाला कुणी बोलायला बोलावलं तर जरूर जा, फक्त वेळ सकाळची मागून घ्या.